दोनपुस्तकी वर्गणी

मागच्या अंकात विचारलं होतं, सुट्टीला निघताना पिशवीत टाकावं असं एक पुस्तक कळवा. पत्रांचे टेबलावर आपोआप तीन ढीग पडले. ऐतिहासिक कादंबऱ्या, प्रेमाच्या कादंबऱ्या, आणि ‘गोष्ट नको, काहीतरी भारी सांगा’ असं म्हणणाऱ्यांचा तिसरा. ऐतिहासिकवाल्यांनी नाव, गाव, निवृत्तीआधीचा हुद्दा, सगळं ठसठशीत लिहिलंय. प्रेमकथा सुचवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी मात्र खाली बारीक अक्षरात ‘कृपया नाव छापू नये’ असं बजावलंय. मिरजेला माझ्या लायब्ररीच्या काउंटरवरही हेच चालायचं. चंद्रकांत काकोडकर घरी नेणारी बाई त्यावर हमखास एखादं अध्यात्माचं पुस्तक ठेवून पिशवी बंद करायची.

म्हणून मी नव्या सभासदाला दोनपुस्तकी वर्गणीच गळ्यात मारायचे. एक पुस्तक तुमच्या मर्जीचं, त्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. दुसरं मी देणार, ते न्यायचंच. लोक कुरकुरत न्यायचे. लायब्ररी बंद झाली, खोड गेली नाही. खालची उत्तरं त्याच हिशेबाने वाचा.

‘स्वामी’, ‘छावा’, ‘पानिपत’ यांची पारायणं झाली. आता पुढे काय? मुलगा म्हणतो, बाबा, हे सगळं कल्पित आहे, इतिहास नव्हे. त्याला काय उत्तर द्यावं? (निवृत्त शिक्षक, वाशीम)

सर, मुलाला म्हणावं तुझं बरोबर आहे, आता मला वाचू दे.

पुढे ना. सं. इनामदार घ्या. रणजित देसाई आणि शिवाजी सावंत नायकाला देव्हाऱ्यात बसवतात आणि आपणही हात जोडतो. इनामदारांचा ओढा बदनाम माणसांकडे. ‘झेप’ त्रिंबकजी डेंगळ्यांवर, ‘मंत्रावेगळा’ दुसऱ्या बाजीरावावर, ‘झुंज’ यशवंतराव होळकरांवर. शाळेच्या पुस्तकात ज्यांना एकेक ओळ मिळते, तीही दूषणाची, अशी ही माणसं. त्रिंबकजीला इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं, गोऱ्या शिपायांचा पहारा बसवला, तरी १८१६ साली तो निसटला. बाहेर घोड्याला खरारा करता करता एक मोतद्दार मराठीत गाणं म्हणायचा आणि त्या गाण्यातून आतल्या कैद्याला निरोप जायचे, अशी हकीकत बिशप हेबर या इंग्रजाने लिहून ठेवली आहे. पहाऱ्यावरच्या एकाही गोऱ्याला मराठी येत नव्हतं! आता सांगा, असल्या माणसावर कादंबरी लिहायची नाही तर कोणावर?

‘झुंज’ वाचताना १८०२ सालच्या तारखा जवळ ठेवा. २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव पुणं सोडून पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांशी तह करून बसला. मधले दोन महिने महाराष्ट्राला केवढ्याला पडले, ते कादंबरी संपल्यावर जास्त टोचतं.

‘पानिपत’ची पारायणं झाली असतील तर ‘शिकस्त’ चुकवू नका. नवरा सदाशिवरावभाऊ रणात पडला हे मानायला तयार नसलेली पार्वतीबाई, आणि पुढे उगवलेला भाऊसाहेबांचा तोतया. लढाई एका दिवसात, १४ जानेवारी १७६१ ला, संपली. पुण्यातल्या वाड्यात ती किती वर्षं चालू राहिली, ते इथे कळतं.

या ढिगातली दोन पत्रं तुमच्याकडे पाठवावी अशी. बेळगावच्या एका वाचकाने हरिभाऊ आपट्यांची ‘वज्राघात’ सुचवली आहे. विषय विजयनगरचा पाडाव, म्हणजे १५६५ ची तालिकोटची लढाई आणि तिच्यामागचं राजकारण. बेळगावकराला हंपीची ओढ असणारच. हरिभाऊंची भाषा सुरुवातीला पाय धरून बसते. पन्नास पानं सोसा, मग सुटते. दुसरं पत्र नागपूरचं. त्यात नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ आहे आणि तिच्यावर माझा जीव आहे. हा अंताजी वीर नाही, मुत्सद्दीही नाही. पेशवाईच्या पदराला लोंबकळून जगणारा, जिभेला हाड नसलेला बेरकी माणूस. मराठ्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या तो खालून बघतो. बंगालात आजही ‘बर्गी आले’ म्हणून मूल झोपवणारी अंगाई आहे. बर्गी म्हणजे आपले बारगीर. अटकेपार झेंडे वाचून ऊर भरून आलेल्या माणसाने ही बखर वाचावीच. तिचा पुढचा भाग ‘बखर अंतकाळाची’.

आता माझं पुस्तक, म्हणजे दुसरं. इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकरांचं ‘पानिपत : १७६१’. शेजवलकर तिखट लिहितात, वाचणाऱ्याला सोडत नाहीत. उत्तर हिंदुस्थानचा नकाशा शेजारी पसरा आणि रसद कुठून यायची, ती कोणी तोडली, एवढाच धागा धरून वाचा. रसदेची भिस्त गोविंदपंत बुंदेल्यांवर होती आणि ते डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. महिनाभराने भाऊंची फौज उपाशीपोटी रणात उतरली.

मुलासाठी वेगळं पुस्तक विकत आणू नका. ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची लांबलचक प्रस्तावना आहे. मुळात ते देसायांना लिहिलेलं पत्र. शिवचरित्रात काय पुराव्याचं, काय भाबडेपणाचं, याची तिथे चिरफाड आहे, आणि तीही कादंबरीच्याच पोटात. त्याने फक्त प्रस्तावना वाचावी, तुम्ही फक्त कादंबरी वाचा, आणि मग जेवायला एकत्र बसा.

ताई, डिसेंबरात मैत्रिणींबरोबर गुहागरला चाललेय. किनाऱ्यावर लोळून वाचायला हलकीफुलकी प्रेमकथा हवीय, मराठीतच. मराठीत सगळ्या प्रेमाचा शेवट रडका का असतो? (वय २६, पुणे)

कोण म्हणतं रडका असतो? तुझ्या आजीला विचार. तिच्या वेळी काकोडकर, शैलजा राजे, योगिनी जोगळेकर, कुमुदिनी रांगणेकर यांच्या कादंबऱ्यांना लायब्ररीत नंबर लागायचे. राजेश खन्ना-मुमताजचा ‘दो रास्ते’ काकोडकरांच्या ‘निलांबरी’वरून निघाला, हे तिला ठाऊक असेल. ना. सी. फडके तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि कादंबरी कशी रचावी यावर त्यांनी ‘प्रतिभासाधन’ हे आख्खं पुस्तक लिहिलं. नायिकेने कुठल्या पानावर यायचं, गैरसमज कधी व्हायचा, कधी फिटायचा, सगळं गणितासारखं बसवलेलं. किनाऱ्यावर असंच हवं. उन्हात डुलकी लागली, चार पानं सुटली, तरी काही बिघडत नाही.

अडचण मिळण्याची आहे. या लेखिकांचं सगळं आता छापत नाहीत. गावातल्या जुन्या वाचनालयात जा आणि पुठ्ठा बांधणीची प्रत माग. घेताना शेवटचं पान आहे ना तेवढं बघ. प्रेमकथांची शेवटची पानं कोण फाडून नेतं, हे मला इतक्या वर्षांत उमगलेलं नाही.

अलीकडचं हवं असेल तर मिलिंद बोकील यांची ‘समुद्र’. छोटी आहे, एका दुपारची. नवरा-बायको समुद्राकाठी सुट्टीला येतात. संसार मुरलेला, पैसा भरपूर, आणि बायको बोलायला लागते. तुझ्या लग्न ठरलेल्या मैत्रिणीच्या हातात मात्र सुट्टी संपेपर्यंत देऊ नकोस. मुंबईच्या एका वाचकाने (अर्थात नाव न छापण्याच्या अटीवर) गौरी देशपांडे यांची ‘तेरुओ’ सुचवली आहे. मध्यमवयीन मराठी बाई, जपान, आणि नवऱ्याच्या पाठीमागे नव्हे तर त्याच्यासकट मांडलेलं प्रेम. ती पुण्यात परतल्यावर वाच. सुट्टीत वाचलीस तर मैत्रिणींशी बोलणं बंद करशील.

दुसरं पुस्तक, माझ्याकडून: विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’, १९३९ ची. तूही सुट्टीवर, तीही प्रवासातली गोष्ट. युरोपातून मुंबईकडे निघालेलं जहाज. त्यावर परतणारा चक्रधर विध्वंस आणि जर्मनीतून हाकलल्या गेलेल्या ज्यूंमधली हॅर्टा. प्रवास संपेपर्यंतच काय ते प्रेम, कारण बंदरात उतरायला त्याला देश आहे, तिला नाही. महायुद्धाला तोंड लागायच्या बेतात असताना लिहिलेली ही गोष्ट बेतशीर आहे, एका रात्रीत संपते. शेवट रडका आहे का? आहे. पण तो लेखकाने वाचकाला रडवायचं म्हणून लावलेला नाही, त्या साली तसाच होता. परतीच्या एसटीत वाच, शेजारी कोणी ओळखीचं नसताना.

प्रेमकथा वाचणं म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय, असं आपल्याला वाटत नाही काय? (सातारा)

नाही.

आमची बाराजणींची भिशी आहे. यंदा साड्या-सहलीऐवजी दर महिन्याला एक पुस्तक वाचून चर्चा करायची ठरवलंय. कादंबरी नको, गंभीर हवं, पण झोप येता कामा नये. (इचलकरंजी)

वहिनी, झोप येते ती पुस्तक गंभीर असल्यामुळे नव्हे, त्यात माणसं नसल्यामुळे. म्हणून सुरुवात विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ने करा. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. घरावर कर्ज. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, असं कानावर आलं म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाला. साल निवडलं १८५७! गेला दक्षिणा मिळवायला आणि सापडला बंडात. झाशीच्या वेढ्यात तो शहराच्या आत होता. राणीचा पोशाख, घोड्यावरची मांड, दानधर्म, मग तोफा, लूट, प्रेतं, हे सगळं एका भटजीच्या नजरेने लिहिलेलं. पराक्रमाच्या मधेच त्याला आपल्या कमरेच्या पैशांची काळजी लागते, आणि तिथेच माझा त्याच्यावर विश्वास बसतो. परतताना गाठीला उरली ती गंगेची कावड. हे त्याने १८८३ च्या सुमारास लिहिलं आणि छापून आलं १९०७ साली, चिंतामण विनायक वैद्यांच्या हातून. वैद्यांनी मजकुरावर आपला हात फिरवला होता. तुम्ही दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून काढलेली प्रत शोधा.

पुढच्या दोन महिन्यांसाठी सोलापूरच्या एका वाचकाने सुचवलेलं ‘गावगाडा’ घ्या. त्रिंबक नारायण आत्रे, १९१५. आत्रे महसूल खात्यात होते, गावोगाव फिरलेले. कुणब्याच्या खळ्यावरून धान्याचा कुठला वाटा कोणाकडे जातो, बलुतेदार काय करतो आणि त्याला सुगीला काय मिळतं, सावकार कसा घुसतो, फिरस्ते कुठून येतात, सगळं तपशिलासकट. तुमच्यातल्या ज्यांचं माहेर खेड्यातलं आहे, त्यांना पानापानावर आपल्या आजोळचे शब्द भेटतील. पण वाचताना एक लक्षात असू द्या, हा सरकारी अंमलदार आहे. याच लेखकाचं ‘गुन्हेगार जाती’ नावाचंही पुस्तक आहे. फिरस्त्यांवरचं प्रकरण त्या नजरेने लिहिलेलं आहे आणि आज ते खुपतं.

म्हणून ‘गावगाडा’ एकटं वाचायचं नाही. त्याची जोडी दया पवारांचं ‘बलुतं’, १९७८ चं. आत्रे चावडीवर बसून ज्या व्यवस्थेचा ताळेबंद मांडतात, तिचंच जमाखर्चाचं दुसरं पान पवार महारवाड्यातून आणि मुंबईच्या कावाखाना वस्तीतून उघडतात. एका पुस्तकात जो ‘वाटा’ असतो, तो दुसऱ्यात दारोदार जाऊन मागायचा तुकडा होतो. सहाजणींनी आत्रे वाचा, सहाजणींनी पवार, आणि भिशीच्या दिवशी एकमेकींना आपापलं पुस्तक सांगा. चहा गार होईल. दुसऱ्या महिन्यात अदलाबदल करा. कोणी म्हणेल, पूर्वी गावात सगळे गुण्यागोविंदाने राहायचे. तिच्या हातात आधी ‘बलुतं’च द्या.

त्यानंतर अनिल अवचटांचं ‘माणसं’. त्याबद्दल मी सांगत बसत नाही, पहिल्या लेखानंतर तुम्हीच मला लिहाल.

आई ऐंशीची आहे. डोळे थकले, वाचनाची आवड तशीच. मी रोज अर्धा तास वाचून दाखवतो. काय घेऊ? (ठाणे)

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. ती बोलल्यासारखीच लिहिलेली आहेत, त्यामुळे मोठ्याने वाचताना जीभ अडखळत नाही. नवऱ्याने धर्म बदलला त्या भागाशी आलात की आवाज आवरावा लागेल. त्याआधी मात्र सासऱ्यांच्या आणि सोवळ्याच्या किश्श्यांवर दोघं पोट धरून हसाल. अर्धा तास पुरणार नाही.

दिवाळीला भारतात येतेय. परतताना बॅगेत तीनच पुस्तकांपुरती जागा आहे, बाकी चकलीची भाजणी आणि सासूबाईंची लोणची. एक ऐतिहासिक, एक प्रेमाचं, एक गंभीर, असं सांगा. (न्यू जर्सी)

‘अंताजीची बखर’, ‘रणांगण’, ‘माझा प्रवास’. तिन्ही आटोपशीर आहेत आणि तिन्हींत माणसं घरापासून लांब अडकलेली आहेत, तुम्हाला परकं वाटणार नाही. ‘गावगाडा’ही हवंच असेल तर भाजणी थोडी कमी करा. लोणचं मात्र हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत, ते खालीच जाऊ दे, पुस्तकांपासून लांब, दोन पिशव्यांत बांधून. तेल लागलेलं पान कुठल्याही बाइंडरला निस्तरता येत नाही.