फॅटी लिव्हरच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर काय साइड इफेक्ट होतात?

तुमचं ग्रेड २ फॅटी लिव्हर आहे, दोन वर्षं गोळ्या चालू आहेत आणि आता या गोळ्यांनीच लिव्हर खराब होईल का अशी भीती वाटतेय, बरोबर ना? मीही याच आजाराचा पेशंट आहे म्हणून सांगतो, आधी स्ट्रिपवर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव वाचा, कारण फॅटी लिव्हरची अशी एकच गोळी नसतेच, प्रत्येकीचा त्रास वेगळा.

मला पायोग्लिटाझोन होती, म्हणजे मुळात डायबेटीसची गोळी. तिने लिव्हरची सूज उतरते हे खरं, पण वजन वाढतं आणि अंगात पाणी साठतं. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ दिसायचा आणि अंगठ्याने दाबलं की खड्डा बराच वेळ तसाच राहायचा, डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी लगेच गोळी बदलली. हार्ट फेल्युअर असेल तर ही चालत नाही, आणि बायकांना फ्रॅक्चरचा धोका वाढतो, तेव्हा मेनोपॉजनंतर जास्त जपायचं.

व्हिटॅमिन ई लोक नुसतं व्हिटॅमिन समजून वर्षानुवर्षं घेतात त्याची मला जास्त काळजी वाटते. २०१० च्या ज्या अभ्यासात रोज ८०० युनिटचा फायदा दिसला तो डायबेटीस नसलेल्या लोकांवर, तोही ९६ आठवड्यांचा होता. २०११ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात रोज ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ब्लीडिंगचाही धोका असतो.

उर्सोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड या पित्ताच्या गोळीने सहसा फार तर जुलाब होतात, पण फॅटी लिव्हरला तिचा उपयोग नीट सिद्ध झालेला नाही, मग ती का चालू आहे हे विचाराच. डायबेटीसची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी १२ तपासून घ्या, ते कमी होऊ शकतं. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन मात्र लिव्हरच्या भीतीने बंद करू नका प्लीज, या आजारात जास्त माणसं हार्टनेच जातात.

मनाने काहीच बंद करू नका, पण पुढच्या व्हिजिटला प्रत्येक गोळीवर बोट ठेवून विचारा की ही कशासाठी आणि किती दिवस, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) परत कधी करायचा. वजन ७ ते १० टक्के उतरलं तर सूज खरंच कमी होते, गोळ्याही कमी होऊ शकतात. आणि लिव्हर डिटॉक्सच्या पावडरी, ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्या अर्काने लिव्हरला इजा झालेल्या केसेस आहेत.