संध्याकाळी सातलाच अँप्लिफायर का घुमतो?

प्रश्न: नमस्कार सर, वाडीच्या भजनासाठी घरीच टीडीए २०३० या आयसीचा अँप्लिफायर केलाय. १२ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड), १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे ७८१२ (१२ व्होल्टचा रेग्युलेटर), आणि त्याच्यावरच माइकचा प्रीअँप (माइकचा सिग्नल आधी वाढवणारा) आणि अँप्लिफायर दोन्ही. दुपारी हळू आवाजात झकास वाजतो, पण संध्याकाळी सातनंतर घूंऽऽ सुरू, पखवाजावर थाप पडली की आणखीच. आयसी डुप्लिकेट असेल म्हणून दोनदा बदलला, फरक शून्य. – एक वाचक, देवगड तालुका

उत्तर: आयसीला उगाच बदनाम करताय, उपाशी आहे तो सप्लाय. रेग्युलेटर जास्तीचं व्होल्टेज कापतो, कमी पडलं तर पदरचं घालत नाही. १२ बाहेर द्यायला ७८१२ ला आत १४-साडेचौदा तरी लागतात. आता बघा, १२ व्होल्ट एसीचं पीक, म्हणजे लाटेचं टोक, १७, ब्रिजमध्ये दीडेक गेला, उरले साडेपंधरा, तेही लाइट २३० असताना. सातला सगळ्या घरांत दिवे-पंखे-टीव्ही लागले की माझ्याकडेसुद्धा मीटर १८० दाखवतो, तेव्हा ट्रान्सफॉर्मर देणार ९.४ आणि कपॅसिटरवर जेमतेम १२, मग ७८१२ काय करणार बिचारा.

त्यात तुमचा कपॅसिटर म्हणजे फुलपात्र. ब्रिजनंतर तो सेकंदाला १०० वेळा भरतो, मधल्या वेळात १ अँपिअर ओढला तर १००० मायक्रोफॅरडवर हिशोबाने १० व्होल्टचा खड्डा पडतो (प्रत्यक्षात थोडा कमी), ४७०० वर दोनच. थाप पडली की करंट वाढतो, खड्डा खोल जातो, आणि तीच १०० हर्ट्झची घूं स्पीकरमधून ऐकू येते.

मी असं करेन: १८ व्होल्ट २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ४७०० चा कपॅसिटर. कपॅसिटर ५० व्होल्टचाच घ्या हं, मी एकदा पैसे वाचवायला २५ चा लावला होता, ऐन आरतीत फटाका वाजला. तिथे साधारण २४ व्होल्ट मिळतील, ते टीडीए २०३० ला थेट द्या, त्याला ३६ पर्यंत चालतात आणि सप्लायमधली थोडी घूं तो स्वतःच दाबतो. ७८१२ फक्त प्रीअँपला ठेवा, कारण माइकचा सिग्नल इतका बारीक असतो की तिथला थोडासा रिपलही (सप्लायमधला चढउतार) पुढे मोठा होऊन येतो. सगळा लोड ७८१२ वर ठेवलात तर १ अँपिअरला १२ वॅट नुसती उष्णता, हीटसिंक इस्त्री होईल. आणि ग्राउंडच्या वायरी एकीवरून दुसरी अशा ओढू नका, सगळ्या त्या मोठ्या कपॅसिटरच्या मायनसजवळ एकत्र आणा.

खर्च करण्याआधी आज सातला, भजन चालू असतानाच ७८१२ च्या इनपुटवर मीटर लावा, १४ च्या खाली दिसलं तर झालंच निदान. ट्रान्सफॉर्मरचे टॅग खाऱ्या वाऱ्याने हिरवे झाले असतील तर तेही घासून परत सोल्डर करा. आणि काढलेले ते दोन आयसी टाकले नसाल तर जपून ठेवा, चांगलेच असणार.