आजोबांची ट्रंक उघडण्याआधी

अगं,

तुझा मेसेज वाचला, ट्रंकेचे फोटोपण पाहिले. ट्रंकेतल्या सामानाचं काय करायचं ते आधी विचारलंस हे फार बरं केलंस. आता सगळ्यात पहिलं सांगणं हे की काही वेगळं करू नकोस. वह्या एकीकडे, फोटो एकीकडे, नकाशे तिसरीकडे असं बिलकुल नाही. आत्याला चांगले फोटो फ्रेम करायचेत, भाऊ म्हणतोय स्कॅन करून ट्रंक रिकामी करू, दोघांच्याही मनात आजोबांबद्दल प्रेमच आहे, पण दोघांना थोडं थांबव.

कारण सांगते. तुझे आजोबा म्हणजे आमचे सर, ते आम्हाला फील्डवर न्यायचे तेव्हा फोटो काढला की लगेच वहीत नोंद करायला लावायचे, उभं कुठे होतो, तोंड कुठल्या दिशेला, वेळ काय. त्यांनी स्वतःही तेच केलं असणार. म्हणजे फोटोच्या मागे नुसता नंबर, त्या नंबरचा खुलासा वहीत, आणि वहीतली जागा टोपोशीटवर, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या सविस्तर नकाशावर, पेन्सिलच्या टिंबात. हे तिन्ही सोबत आहेत तोवर तो पुरावा आहे, आत्याने त्यातला एक उचलून भिंतीवर लावला की तो फक्त एका डोंगराचा फोटो, आणि सह्याद्रीत तसे डोंगर किती आहेत तुला माहितीये.

फ्रिट्झ म्युलर नावाचे एक स्विस भूगोल-अभ्यासक होते, ते १९५६ साली एव्हरेस्टच्या भागात राहून हिमनद्यांचे फोटो काढत होते. २००७ मध्ये अल्टन बायर्स नावाचे दुसरे भूगोल-अभ्यासक त्याच जागा शोधत गेले आणि तिथेच उभं राहून परत फोटो काढले. इम्जा हिमनदीवर १९५६ च्या फोटोत बर्फात नुसती छोटी छोटी डबकी दिसतात, आता तिथे मोठा तलाव आहे. जुना फोटो कुठून काढला ते सापडलं म्हणूनच ही तुलना करता आली. सरांच्या ब्रह्मगिरीच्या, अंजनेरीच्या, गोदाघाटाच्या फोटोंचं असंच होऊ शकतं. आणि गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचा पुरातला एखादा फोटो सापडला ना, तर त्याची तारीख जिवापाड शोध, कारण आपल्याकडे पूर मोजायचा तो त्याच मारुतीवर, आणि १९६९ चा महापूर की नंतरचा कुठला हे पाण्याच्या उंचीवरून नुसतं अंदाजाने ठरवायचं नाही, वहीत बघायचं.

एक गंमत लक्षात ठेव, नाहीतर नकाशे लावताना गोंधळशील. २० अंश उत्तर अक्षवृत्त आपल्या नाशिक शहरातूनच जातं आणि टोपोशीट तिथेच तुटते. रामकुंड, पंचवटी ४६ एच/१६ नंबरच्या शीटवर आणि नाशिकरोड ४७ ई/१३ वर. त्यामुळे एकाच दिवसाच्या भटकंतीची टिंबं दोन वेगळ्या शीटवर असतील, म्हणून "या दोन कशाला एकत्र ठेवल्यात" असं म्हणून त्या सोडवू नकोस. शीटवर रिस्ट्रिक्टेड छापलेलं असेल तर ती स्कॅन करून कुठल्याही ग्रुपवर टाकायची नाही.

कामाची सुरुवात अशी कर. ट्रंक उघडल्यावर वरून थर जसा दिसतो तसा मोबाइलवर फोटो, मग एक पाकीट उचल, त्यावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरव, चुकीचं स्पेलिंग असेल तरी तसंच, आत किती वस्तू ते लिही आणि पाकीट परत त्याच जागी ठेव. कंटाळवाणं आहे, पण पूर्ण ट्रंकेची यादी होईपर्यंत एकही पाकीट फोडून वाटायचं नाही. फोटोमागे नंबर घालायचाच तर मऊ पेन्सिलने, कोपऱ्यात, हलक्या हाताने. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. रबरबँड आणि गंजलेल्या टाचण्या सावकाश काढ, सेलोटेप लावू नकोस, लॅमिनेशन तर मुळीच नाही, ते परत निघत नाही. चिकटवायच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नकोस, अल्बमसकट पानाचा फोटो घे. निगेटिव्हच्या डबीला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती डबी बाकीच्यांपासून लगेच लांब ठेव, ती फिल्म खराब होत चाललीये आणि त्या वाफेने शेजारचीही होते, स्कॅनिंगला पहिला नंबर तिचा. कोडॅक्रोम स्लाइडच्या पुठ्ठ्यावर महिना-साल छापलेलं असेल तर ते फिल्म धुतल्याचं (डेव्हलप केल्याचं) असतं, फोटो काढल्याचं नाही, यादीत तसंच लिही.

ट्रंक पोटमाळ्यावर नको, उन्हाळ्यात तिथे भट्टी होते, आणि तुमचं घर नदीजवळ, ऑगस्ट २०१६ ला पाणी कुठवर आलं होतं ते आठव, म्हणून तळमजल्यावरही नको. मधल्या खोलीतलं कपाट, बाहेरच्या भिंतीला न चिकटवलेलं, ते बरं.

काही वह्यांत नुसते आकडे असतील, पानंच्या पानं. त्या रद्दीत टाकायचा मोह होईल, टाकू नकोस. नैनसिंग रावत इंग्रजांच्या सर्वेक्षणासाठी १८६५-६६ च्या सुमारास वेष बदलून तिबेटात ल्हासाला गेले तेव्हा १०८ ऐवजी १०० मण्यांच्या माळेवर पावलं मोजत गेले, पाणी किती तापमानाला उकळतं त्यावरून उंची काढली आणि नोंदी प्रार्थनाचक्रात लपवल्या. बघणाऱ्याला ते नुसते आकडेच वाटले असते. सरांचे आकडे विहिरींच्या पाण्याची पातळी असेल, बॅरोमीटरचं रीडिंग असेल, आधीच्या पानावर गावाचं नाव बघ म्हणजे लागेल.

पत्रांचं मात्र वेगळं. आजीची पत्रं, घरातली भांडणं, कुणाचं आजारपण, ते यादीत फक्त "घरगुती पत्रं" असं येऊ दे, वाचून दाखवायला घरच्यांची परवानगी घे. आणि दुसऱ्यांनी सरांना लिहिलेली पत्रं, त्यातला कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचाच, तो छापायचा तर त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारायला हवं.

पुढे कुणाला द्यायचं ते आताच ठरवू नकोस. सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, आहेच, १८४० पासून टिकलेली संस्था आहे, पुण्यातही जागा आहेत. कुठेही जाशील तिथे आधी हे विचार की संग्रह एकत्र ठेवणार का विषयवार वाटून टाकणार, फोटो कुठे ठेवणार, आणि बाहेरच्या पोराला बघायला मिळेल का. नीट उत्तर मिळालं नाही तर घरी आण, उगाच संकोच करू नकोस.

आणि एक काम मात्र यादीसाठी न थांबता कर. सरांची जीप चालवणारे काका अजून म्हसरूळला आहेत ना, त्यांच्याकडे जा. ओरिजिनल फोटो नेऊ नकोस, प्रिंट ने, आणि रेकॉर्डिंग करू का असं आधी विचार. रस्ते त्यांना माहीत, कुठे गाडी अडकली, कुठल्या वाड्यावर मुक्काम केला ते सरांनीही लिहिलं नसेल. त्यांचं वय झालंय, या रविवारीच जा. त्यांनी सांगितलेलं वेगळ्या रकान्यात लिही, सरांच्या नोंदीत मिसळू नकोस.

पहिल्या थराची यादी झाली की पाठव, अर्धवट असली तरी चालेल.

तुझी,
मावशी