दहावीच्या मुलांना वीज-पाण्याच्या कामासाठी शाळेतूनच तयार करता येईल का?

तुमचा प्रश्न असा: जालना जिल्ह्यातली माध्यमिक शाळा, दहावी झाली की निम्मी पोरं पुण्याच्या गाडीत बसतात, आणि शाळेनं वीज-पाणी खात्याशी जोडून घेतलं तर त्यांना इथंच काम मिळेल का? मी वीज वितरणात लाईनमन म्हणून लागलो, तीसेक वर्षं खांबावर काढली. निवृत्तीनंतर आमच्या गावच्या शाळेत अधूनमधून जातो. त्यावरून सांगतो.

सर, एक तर मान्य करा की ही माणसं तुमच्या गावात शाळेविनाच तयार होतायत. झिरो वायरमन म्हणतात त्यांना. रब्बीत रात्री फ्यूज उडतो, लाईनमन दुसऱ्या गावात असतो, गव्हाची पाळी चुकत असते. मग डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर, कोण चढणार? ज्याला भीती वाटत नाही तो. असं धीट लेकरू प्रत्येक वर्गात एखादं असतंच. बहुतेक शेवटच्या बाकावर. त्याला शिकवलेलं काही नसतं, परवाना नाही, विमा नाही, पण हौस खरी असते.

आमच्या शेजारचं एक पोरगं असंच चढलं. वय १९. एबी स्विचचा, म्हणजे तिन्ही तारा एकदम तोडणाऱ्या खांबावरच्या स्विचचा, दांडा त्यानं ओढला, खाडकन आवाज आला, त्याला वाटलं लाईन बंद. तीनपैकी एक पातं अडकून राहिलेलं, अंधारात दिसलं नाही. जगलं, पण उजवा हात कोपरापासून काढावा लागला. उपकेंद्रातून परमिट, म्हणजे लाईनवर काम करायची परवानगी, घ्यायचं, तिन्ही पाती सुटलेली डोळ्यांनी मोजायची, अर्थ केलेला, म्हणजे जमिनीला जोडलेला, डिस्चार्ज रॉड तिन्ही तारांना टाकायचा आणि काम संपेस्तोवर तो तिथंच लटकू द्यायचा, मगच तारेला हात. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला दहा मिनिटं लागतात.

म्हणून खात्याशी जोडून घ्यायचं ते इथून. 'करिअर मार्गदर्शन' म्हणून पाहुणा बोलावून हार-नारळ करू नका, पोरं मागं बसून पेंगतात. लाईनमनला त्याच्या सामानासकट बोलवा. पट्टा, हातमोजे, डिस्चार्ज रॉड, जळालेलं किटकॅट (फ्यूजची तार बसवायची खोबणी), सगळं टेबलावर मांडा आणि पोरांना हाताळू द्या. ४ मार्चला लाईनमन दिन असतो, ते निमित्त चांगलं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीला दप्तराविना १० दिवस स्थानिक कारागिरांकडं शिकायला सांगितलंय. वायरमन हा कारागीरच आहे की! मुख्याध्यापकांना पटवायला हा आधार पुरतो.

आमच्याकडं सगळ्यात रंगला तो अर्थिंगचा, म्हणजे वीज जमिनीत उतरवायचा, खड्डा. शाळेच्या आवारात पोरांनीच खोदला, कोळसा-मीठ भरलं, माझ्या ओळखीच्या इंजिनिअरनं मीटर आणून पावसाळ्यात रोध मोजला. तोच एप्रिलमध्ये परत मोजला तर आकडा कितीतरी वर गेलेला. एक मुलगी म्हणाली, "काका, जमीन वाळली म्हणून?" बरोबर. मग चार बादल्या पाणी ओतून तिनंच पुन्हा मोजायला लावलं. काळ्या रानात खांब पावसात का कलतात, उन्हाळ्यात भेगा पडल्यावर ताणाची तार ढिली का होते, हे पुढं त्यांचं त्यांनीच विचारलं. पुस्तकातला ओहमचा नियम मला आयुष्यात इतका नीट समजावता आला नसता.

पाण्याचं काम तर दाराशीच आहे. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण पाहिलंय. तरी गावची नळयोजना चालवणारा माणूस बहुधा एकच, त्यानं व्हॉल्व्ह कुठं पुरलेत ते फक्त त्यालाच माहीत. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी दिवसाला ५५ लिटरचा. पोरांना बादली आणि घड्याळ देऊन शेवटच्या नळावर मोजायला लावा. पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर ओटी टेस्टमध्ये, म्हणजे क्लोरीनच्या तपासणीत, पिवळा रंग येतो का, तेही पाहू द्या. नळाच्या टोकाला क्लोरीन ०.२ पीपीएम (लिटरमागं ०.२ मिलिग्रॅम) तरी राहिलं पाहिजे. ग्रामपंचायतीला फुकटात तपासणी मिळते, त्यामुळे सरपंच नाही म्हणत नाहीत.

आता नोकरीचं. महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदाला दहावी पास आणि आयटीआयचा दोन वर्षांचा वीजतंत्री किंवा तारतंत्री कोर्स लागतो. तीन वर्षं मानधनावर, मग तंत्रज्ञ. इथं एक खाच आहे: आयटीआयच्या तारतंत्रीला दहावी नापासही प्रवेश मिळतो. पोरगं दोन वर्षं शिकतं आणि जाहिरात आल्यावर कळतं, दहावीच राहिली. असा विद्यार्थी दिसला की त्याचा राहिलेला विषय आधी काढून घ्या. आयटीआयनंतर अप्रेंटिस मात्र चुकवू देऊ नका, खरं काम तिथंच हाताखालून जातं. भरतीचा भरवसा कुणाला देऊ नका. २०२३ च्या अखेरीस ५३४७ जागा निघाल्या, पण असा पाऊस दरवर्षी पडत नाही. छतावरचं सोलर, शेतातले सौरपंप, मोटार बांधणी, यात हात बसलेल्या पोराला तोवर घरी बसावं लागत नाही. मुलींनाही पाठवा. सरकारी भरतीत ३० टक्के जागा त्यांच्या आहेत, आणि खांबावर चढणाऱ्या बाया मराठवाड्यात आज आहेत.

सुरुवात ३३/११ केव्ही उपकेंद्राच्या भेटीनं करा. उपविभागाच्या साहेबांना पत्र द्या, एका खेपेला पंधराच मुलं, पालकांची संमती सोबत. रब्बी आणि वळवाचे दिवस टाळा, तेव्हा ऑपरेटरला पाणी प्यायला फुरसत नसते. ऑगस्ट-सप्टेंबर बरा, पंपांचा भार कमी असतो. आणि पत्रात एक ओळ टाका: सगळ्यांच्या पायात बूट असतील. आमच्या वर्गात सातच जणांकडं होते. सात-सातच्या तुकड्या केल्या, आतली तुकडी बाहेर आली की फाटकावरच बूट काढून पुढच्यांना द्यायची.