पहिला बेस घेताना

बेस गिटार घेताना पाच तारांचा मोह सोडा, चार पुरेत. यामाहा, आयबानेझ, स्क्वायर यांपैकी दुकानात हातात धरून जो बरा वाटेल तो घ्या. प्रिसिजन की जॅझ (बेसचे दोन प्रसिद्ध प्रकार) हा वाद आम्हा रिकामटेकड्यांसाठी ठेवा. एवढंच बघा की जॅझची मान नटपाशी (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) अरुंद असते, लहान हाताला सोयीची.

थोडे पैसे मात्र सेटअपसाठी, म्हणजे तारांची उंची वगैरे जुळवून घेण्यासाठी, राखून ठेवा. तारा फ्रेटपासून (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) फार उंच असल्या की बोटं दुखतात, आणि आपल्यालाच जमत नाही असं वाटायला लागतं.

हमखास होणाऱ्या चुका:

- गिटारच्या छोट्या अँपला बेस जोडून आवाज चढवणं. सगळ्यात जाड, खालच्या स्वराची ई तार सुमारे 41 हर्ट्झवर वाजते. त्या स्पीकरची वाट लागू शकते. घरी हेडफोन अँप घ्या, शेजारीही खूश.
- न वाजणाऱ्या तारा मोकळ्या सोडणं. ई च्या शेजारची ए तार वाजवताना अंगठा ई वर टेकवा. त्यापुढच्या डी वर गेलात की अंगठाही ए वर सरकवा, त्याची कड ई ला टेकलेली राहू दे. गुणगुण थांबली की तुमचा बेस लगेच स्वच्छ ऐकू येईल.
- पहिल्याच आठवड्यात स्लॅप, म्हणजे अंगठ्यानं तारा ठोकून वाजवणं. थोर बेसवादक जेम्स जेमरसननं मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची गाणी उजव्या हाताच्या एका तर्जनीनं वाजवली!
- ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) बेसला वाजवून झाल्यावरही केबलचा जॅक लावून ठेवणं. बॅटरी उतरते.

मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा आणि एकच स्वर, सारख्या जोरानं, कंटाळा येईपर्यंत वाजवा. पेडल, कंप्रेसर अशा आवाज बदलणाऱ्या उपकरणांचं सहा महिन्यांनी विचारा.