हात थरथरतो म्हणून बीडीएस सोडू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लेकीला नीटमध्ये गोव्यातल्या बांबोळीच्या डेंटल कॉलेजात बीडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीला, जागा मिळण्याइतके गुण आहेत. पण तिचा हात थरथरतो, चित्रकला बेताची आहे, रक्त बघून ती घाबरते. आणि घरात सगळे विचारतात, नुसते दात शिकायला पाच वर्षं कशाला? मी 24 वर्षं फोंड्यात दातांचा दवाखाना चालवतो. शिकलो घाटावर, पण माझी पुतणी बांबोळीलाच शिकली, त्यामुळे दोन्हीकडचं बघितलं आहे.

आधी हाताबद्दल, कारण तुमची खरी काळजी तीच दिसते. दंतवैद्याचा हात कधी हवेत नसतो. करंगळी किंवा अनामिका शेजारच्या दातावर टेकवायची आणि मगच हत्यार चालवायचं. याला मुलं ‘फिंगर रेस्ट’ म्हणतात आणि पहिल्या दिवसापासून सर-मॅडम त्यावरून ओरडतात. एअरोटरचं बर, म्हणजे दात कोरायच्या यंत्राचं फिरणारं टोक, मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेतं. असलं यंत्र अधांतरी हातात धरून कुणाचाच हात स्थिर राहणार नाही, माझाही नाही. टेकू मिळाला की परीक्षेच्या भीतीने थरथरणारी बोटंसुद्धा शांत होतात. थरथर एखाद्या आजाराची असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

दुसरं, हात घडवायला तिथे वेळ दिला जातो. पहिल्या वर्षी मेणाच्या वडीतून दात कोरायला लावतात. वरची पहिली दाढ घ्या, ती साधारण सहाव्या वर्षी येते. तिला चार उंचवटे असतात, आणि कित्येकांच्या दाढेला आतल्या बाजूला पाचवा, बारीकसा. ते उंचवटे, मधल्या खाचा, मुळांकडे जाणारा उतार, सगळं मेणात यायला हवं. लेक रात्री एक-एक वाजेपर्यंत कोरत बसेल आणि सकाळी तो दात परत येईल, ‘पुन्हा कर’ म्हणून. तेव्हा तुम्हाला वाईट वाटेल. पण पुढे ती कुणाची दाढ भरेल, तेव्हा सिमेंट केसभर उंच राहिलं तरी तो माणूस घास चावताना त्याच दाढेवर आधी आपटेल आणि चार दिवसांत ठणकत परत येईल. दाढेचा मूळ आकार बोटांत बसलेला असेल तरच ती चूक हाताला आधी कळते. चित्रकलेचा याच्याशी फारसा संबंध नाही. आमच्या वर्गात सगळ्यात सुरेख कार्व्हिंग करणाऱ्या मुलीला सरळ रेघ मारता येत नव्हती.

दुसऱ्या वर्षी फँटम हेड येतं. माणसासारखं डोकं, रबराचे गाल, आत दातांचा संच. तिथे आरशात बघून काम करायला शिकतात, कारण वरच्या दाढा थेट दिसतच नाहीत. आरशात पुढचं मागे दिसतं आणि हात भलतीकडे जातो. पहिले काही आठवडे फार चिडचिड होते, मग एके दिवशी आपोआप जमतं. सायकलचं होतं तसंच.

पाच वर्षं म्हणजे चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यात शरीररचना, औषधशास्त्र, जनरल मेडिसिन, सर्जरी हे सगळं आहे, आणि असायलाच हवं. खुर्चीत दात बसत नाही, माणूस बसतो. त्याला मधुमेह असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, हृदयाचं दुखणं असेल. भुलीच्या इंजेक्शनात बहुधा ॲड्रेनलिनही असतं, ते कुणाला जपून द्यायचं हे माहीत नसेल तर साधा दात काढणंही अंगाशी येतं. पहिल्या वर्षी डिसेक्शन, म्हणजे मृतदेहाची चिरफाड असते, फॉर्मेलिनचा वास असतो, एखाद्याला भोवळ येते. बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं.

तिसऱ्या वर्षापासून खरे पेशंट. माझ्या हातून सुरुवातीलाच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या वरच्या पहिल्या उपदाढेचं मूळ आत तुटलं. त्या दाताला बहुधा दोन बारीक मुळं असतात, ती मोडतात. मला घाम फुटला. सरांनी हत्यार माझ्या हातातून घेतलं नाही. काय झालंय ते त्यांनी आजोबांना सरळ सांगितलं आणि माझ्या मनगटाखाली आपला हात धरला. आजोबा म्हणाले, “सावकाश काढ बाळा, मला घाई नाही.” वीस मिनिटं लागली. आजही मूळ तुटलं की मी आधी पेशंटला सांगतो, मगच पुढचं हत्यार उचलतो.

शेवटच्या वर्षाचा ताण वेगळाच. कोटा पुरा करायचा असतो, म्हणजे इतके दात काढणं, इतक्या भरण्या, इतक्या कवळ्या. संपूर्ण कवळीला पेशंटला चार-पाच वेळा यावं लागतं: मापं, चावा, मेणावर दात लावून बघणं, मग कवळी. पुतणीच्या परीक्षेचे पेशंट म्हणजे वाळपईचे एक आजोबा. आदल्या रात्री तिने तीनदा फोन केला, कारण ते आले नाहीत तर तिची प्रॅक्टिकल अडली असती. पहाटेची बस पकडून ते वेळेत पोचले. पेशंटशी असं नातं जोडायला मुलं तिथेच शिकतात, आणि आपल्याकडे कोकणी, मराठी, हिंदी तिन्ही भाषांत ‘दुखतंय का’ विचारता आलं तर फारच बरं.

एक करून बघा. तिला आंघोळीच्या साबणाची वडी आणि बोथट सुरी द्या, आरशात स्वतःचा पुढचा दात बघून कोरायला सांगा. पहिला बिघडेलच. तिने आपणहून दुसरी वडी मागितली, तर मला इथेच कळवा, आणि एखाद्या शनिवारी तिला घेऊन दवाखान्यात या.