पगाराचा दशमांश चर्चला द्यावाच लागतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिलीच नोकरी, घरी वडिलांचं डायलिसिस, आणि पाळक म्हणतात पगाराचा दहावा हिस्सा चर्चला दिला नाही तर ती देवाची चोरी. तर द्यावाच लागतो का?

दहावा हिस्सा? नाही. पण चर्च चालवायचा खर्च आपला नाहीच, असं समजत असाल तर तेही खरं नाही. मी नगर जिल्ह्यातल्या एका प्रॉटेस्टंट मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार आहे. म्हणजे पैसे मागणाऱ्यांच्या बाजूचा माणूस, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

‘देवाची चोरी’ हे बायबलच्या जुन्या करारातल्या मलाखी या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं. पण तो दशमांश कसला होता? इस्राएलच्या शेताचा, झाडांचा, गुरांचा. लेवी वंशाला जमिनीत वाटा नव्हता, मंदिराची सेवा हेच त्यांचं काम, म्हणून बाकीच्यांनी त्यांना पोसायचं. आता जुन्या करारातल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 14 वा अध्याय उघडा. तिथे दशमांश घेऊन सहकुटुंब देवासमोर बसायचं आणि तो आनंदाने खायचा, असं लिहिलंय. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा: लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. दशमांशावरचे संदेश मी पुष्कळ ऐकले, पण या अध्यायावर कुणी बोललेलं आठवत नाही.

नव्या करारात कुठल्याही मंडळीला ‘दहावा भाग द्या’ अशी आज्ञा नाही. येशू पुदिना, बडीशेप आणि जिऱ्याच्या दशमांशाबद्दल बोलतो तो परूश्यांशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांशी, तेही त्यांना झापताना. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो की ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, भाग पडतं म्हणून नाही. काहीजण अब्राहामाचा दाखला देतात, की मोशेच्या नियमशास्त्राच्या आधीच त्याने मलकीसदेक या याजक-राजाला दहावा भाग दिला. दिला, पण लढाईत मिळालेल्या लुटीतून. दर महिन्याच्या पगारातून नव्हे. (पगार ग्रॉस धरायचा की पीएफ कापून हातात येणारा, यावर आमच्याकडे एकदा चहाचे दोन राउंड झाले. मोशेने यावर काही लिहून ठेवलेलं नाही.)

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा उतारा मात्र नव्या करारातल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे. आईवडिलांना ज्याचा उपयोग झाला असता ते ‘देवाला अर्पण केलंय’ म्हणून त्यांना नाकारायची एक सोय तेव्हा होती. येशूने ती सरळ सरळ देवाचं वचन रद्द करणं ठरवली. वडिलांच्या डायलिसिसचे पैसे चर्चमधल्या अर्पणाच्या थैलीत टाकू नका. कुणी टाकायला लावत असेल तर त्यांच्यासमोर मार्क 7 ठेवा.

आता माझी बाजू. अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये नगरला आलं आणि पिढ्यान्‌पिढ्या शाळा, दवाखाना, पाळकाचा पगार यांत बाहेरचा पैसा येत राहिला. त्याची सवय अजून गेलेली नाही. ‘मिशनचं आहे, चालतंय’ असं म्हणणारे सभासद आजही भेटतात. चालत नाही हो. विजेचं बिल येतं, पावसाळ्याआधी पत्रे बघावे लागतात, पाळकसाहेबांच्याही मुलांची फी असते. उपासना संपली की आम्ही दोघं-तिघं मागच्या खोलीत थैली उलटी करतो, नाणी वेगळी, नोटा वेगळ्या, सभासदांच्या अर्पणाच्या पाकिटांवरचे नंबर वहीत, खाली सह्या. दर महिन्याला न चुकता येणारी पाकिटं बहुतेक पेन्शनवाल्या बायकांची असतात. गाडी लावायला जागा नाही म्हणून तक्रार करणाऱ्यांची कमी.

हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या, सणाला तर उलटंच चित्र. शेतातून आलेला भोपळा, कोंबडी, गव्हाची पायली वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर लिलाव. एकच पपई एकजण चढ्या भावाने घेतो, परत अर्पण करतो, दुसरा त्याहून जास्त बोलतो. सक्ती कुणाचीच नाही आणि पैसा सगळ्यात जास्त त्याच दिवशी येतो.

कॅथलिक मित्रांना विचारलंत तर तेही सांगतील की चर्चच्या गरजा भागवायला हातभार लावणं हे त्यांच्याकडे कर्तव्यच आहे, पण ऐपतीप्रमाणे, टक्केवारी नाही. सक्तीच बघायची तर जर्मनीत. तिथे नोंदणीकृत सभासदाच्या आयकरावर 8 किंवा 9 टक्के चर्च-कर लागतो आणि तो सरकार वसूल करतं. तो नको असेल तर चर्च सोडल्याची अधिकृत नोंद करावी लागते. आपल्याकडे असलं काही नाही.

तुमच्या जागी मी असतो तर घरखर्च आणि औषधपाणी बाजूला काढून झेपेल तेवढी ठरावीक रक्कम, दोनशे असेल तर दोनशे, दर महिन्याला पाकिटातून दिली असती. आणि हिशेब मागितला असता. तुमचं चर्च महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर त्याला हिशेब ठेवून धर्मादाय आयुक्तांच्या नियमांप्रमाणे तपासून घ्यावेच लागतात. वार्षिक सभेत जमाखर्च वाचून दाखवत असतील तर जाऊन बसा. पावती देत नसतील, आणि पैसे पाळकांच्या स्वतःच्या खात्यावर यूपीआयने मागत असतील, तर दहा टक्केच काय, एक रुपयाही देऊ नका.